खोकला शब्द नव्हे

पोर्ट आर्थर, टेक्सस. सकाळचे साडेनऊ.
अल्सीद ब्रूसारच्या जेवणाच्या टेबलावर
मी माझं लघुलेखनाचं यंत्र मांडते,
मेणकापडावरच्या छापील लिंबांवर.
समोर तो, नाकात ऑक्सिजनची नळी.
खोलीत सहा वकील,
स्पीकरफोनच्या काळ्या डबीत आणखी पंचवीस.
एकतीस कंपन्या, एक म्हातारा.

मी शपथ देते. तो उजवा हात उचलतो,
पुरता नाही, खांद्यापर्यंत.
देवाशपथ खरं सांगेन, म्हणतो
आणि खोकतो.

खोकला शब्द नव्हे.
शिकतानाच बजावलं होतं :
तोंडातून निघेल तेवढंच लिही.
नुसती मान हलवली तर सांग, कृपया बोलून उत्तर द्या.

प्रश्न : पोत्यावर नाव काय होतं?
उत्तर : पोतं राखाडी होतं. वर एक कोंबडा.
प्रश्न : कोंबड्याचं तोंड कोणत्या दिशेला?
(डबीतून : हरकत.)
उत्तर : साहेब, ते पोतं आम्ही चाकूनं फाडायचो,
कोंबडा पोटातच चिरला जायचा.
मग ॲस्बेस्टॉस बादलीत ओतायचं, पाणी घालायचं,
कणकेसारखं मळून वाफेच्या नळांना थापायचं.
नाताळात पोरं त्याचे गोळे करून
एकमेकांना मारायची.
इथं बर्फ कुठं पडतो?

कुणीतरी हसलं. हसणंही शब्द नव्हे.

प्रश्न : एकाहत्तरच्या उन्हाळ्यात,
तीन नंबरच्या बॉयलरला बसवलेलं गॅस्केट कुणाचं?
उत्तर : आठवत नाही.
प्रश्न : म्हणजे आमच्या अशिलाचं नव्हतं, असं म्हणता येईल?
उत्तर : म्हणजे आठवत नाही.

डबी मधूनच घसा खाकरते :
मी व्हॉल्व्हवाल्यांकडून.
मी भट्टीच्या विटांवाल्यांकडून.
मी त्या कंपनीकडून, जिनं ती कंपनी विकत घेतली
जी आता नाही.
आणि एकीचं दिवाळं निघालंय, तिचं कुणीच नाही,
म्हणून दुपारपर्यंत सगळा दोष
तिच्याच रिकाम्या खुर्चीवर रचून ठेवलेला.

मी दुसऱ्या दाव्यात ते जुने कागद पाहिलेत.
कुठल्याशा तळघरात धूळ खात पडले होते,
धूळ खाणाऱ्या माणसांचं पुढे काय होतं
ते त्यांत नीट, समासासकट लिहिलेलं.
कागदांनी चाळीस वर्षं धूळ खाल्ली.
कागदांना काही झालं नाही.

प्रश्न : कामावरचे कपडे?
उत्तर : मागच्या दारात काढायचो. यूला झटकायची.
खिसे उलटे करून आत फुंकर मारायची,
मग धुवायची. रोज.
म्हणायची, नवरा घरी आणते की गिरणीवाला.

हे खटलं सारं तिनंच ओढलं.
या खटल्यात तिचं नाव नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारामागून
एक खोकला आला.
छोटा, कोरडा, फडक्यात दाबलेला.

माझी बोटं थांबली.
डबी म्हणाली, कोण होतं ते? साक्षीदार का?
सहाही जणांनी दाराकडे पाहिलं.
फक्त अल्सीदनं पाहिलं नाही.
त्यानं नळी सरळ केली,
माझ्याकडे वळून, शब्द सुटा सुटा करत म्हणाला :
मीच. लिहा बाई, मीच होतो.

दिवसभरात एवढं एकच
त्याला न विचारताही नक्की आठवत होतं.
मी जसंच्या तसं टंकलं.
उत्तर : मीच.

मग यूला कॉफी घेऊन आली.
सात कप. डबीतल्यांना हवी का, तिनं विचारलं,
कुणाला हसावं कळलं नाही.
लिंबांवर थोडी साखर सांडली होती.
ती तिनं तळहातानं कडेला ओढली,
आणि उरलेल्या कणांवर,
सवयीनं,
फुंकर मारली.